उजवीकडे कललेली पद्मिनी

पद्मिनीची तब्येत बघायची असेल तर ती मागून बघावी. पुढून सगळ्याच फियाट सरळ दिसतात. जाळी, दोन दिवे आणि तो जुना मानी चेहरा बघण्यात माणूस इतका रमतो की गाडी कुठल्या अंगावर झुकली आहे हे लक्षात येत नाही. मागे मात्र लपायला जागा नाही. आडवा क्रोमचा बंपर, त्याखाली नंबरप्लेट, आणि आमच्या सोसायटीत तर पार्किंगच्या भिंतीला रंगाऱ्याने जमिनीपासून दोन फुटांवर लाल पट्टा मारून ठेवलेला. बंपर आणि पट्टा समांतर नाहीत हे ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही. निवृत्त असणं पुरतं.

आमच्या पद्मिनीचा मागचा उजवा कोपरा खाली बसला आहे, हा शोध म्हणूनच तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लावला. ते सकाळी दूध आणायला जाताना खालच्या सगळ्या गाड्यांची हजेरी घेतात. "अहो, तुमची गाडी लंगडतेय," ते म्हणाले. उभी गाडी कशी लंगडेल, हे विचारायची सोय नव्हती. कारण तोवर त्यांनी पिशवी खाली ठेवून, एक डोळा मिटून, पंजा बंपरसमोर आडवा धरून पाहणी सुरू केली होती. निष्कर्ष जाहीर करण्याआधी त्यांनी एकवार माझ्या पोटाकडे बघितलं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, गाडी उजवीकडे कलते. यापुढे पुरावा कशाला हवा?

ही पोटाची उपपत्ती जुन्या गाडीवाल्यांत फार लोकप्रिय आहे, आणि तिच्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. पण नुसत्या वजनाने गाडी कलली असेल, तर माणूस उतरल्यावर तिने वर यायला हवं. स्प्रिंगचा धर्मच तो. जेवढा जोर तेवढा ताण, आणि जोर काढला की ताण गेला. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला हे कळलं तेव्हा दुसऱ्या कुणी ते पळवू नये म्हणून त्याने १६७६ मध्ये नियमातल्या अक्षरांची सरमिसळ करून ती तशीच छापली, आणि अर्थ उलगडून सांगितला १६७८ मध्ये. आमच्या गॅरेजवाल्याची रीतही हीच आहे. बिघाड काय होता हे तो बिल हातात देईपर्यंत उलगडत नाही. फक्त त्याला दोन वर्षं लागत नाहीत, तेव्हा काही प्रगती नक्कीच झाली म्हणायची.

मी उतरलो तरी गाडी वर आली नाही. म्हणजे पोट सुटलं, आरोपातून तरी. आता दुसरा आरोपी शोधणं आलं.

कललेल्या गाडीइतके वैद्य कललेल्या माणसालाही मिळत नाहीत. पहिला सल्ला ठरलेला: "शॉकप गेलेत, दोन्ही टाका." हा सल्ला पेट्रोल पंपावर, सिग्नलला आणि एका लग्नात अक्षता हातात असतानाही मिळाला. आता हे शॉकप म्हणजे शॉक अब्जॉर्बर. पद्मिनीत ते साधे तेलाचे असतात. त्यांचं काम हेलकावे जिरवायचं, गाडी तोलून धरायचं नाही. दोन्ही काढून कपाटात ठेवले तरी उभ्या गाडीची उंची तीच राहील; रस्त्यावर मात्र ती खड्डा गेल्यानंतरही बराच वेळ खड्ड्याची आठवण काढत डोलेल. हे मी समजावून सांगतो, समोरचा मान हलवून ऐकून घेतो आणि म्हणतो, "बरोबर आहे, पण तरी एकदा शॉकप बदलून बघा."

दुसरा सल्ला उजव्या टायरमध्ये हवा जास्त भरण्याचा. तिसरा, डिकीत डावीकडे फरशी ठेवण्याचा. सिमेंटची का शहाबादी यावर दोन सल्लागारांत मतभेदही झाले. चौथा खास जुन्या फिटरांचा: मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जादा पाटा घाला. याने गाडी उचलली जाते यात शंका नाही. फक्त रिकामी असताना तिचं शेपूट वर राहतं, आणि मागे बसलेल्या आजी स्पीडब्रेकर आला की आधी देवाचं नाव घेतात, मग आपलं.

पद्मिनीची मागची रचना खरं तर सांगायला सोपी आहे. पुढे दोन्ही चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा. मागे एक सलग लोखंडी हाउसिंग, त्यात दोन्ही चाकांचे एक्सल, आणि ते हाउसिंग दोन बाजूंना दोन पाट्यांच्या जुडग्यांवर यू-बोल्टांनी आवळलेलं. सर्वांत वरचा, टोकांना डोळे असलेला तो मेन पाटा. त्याखाली उतरत्या लांबीचे बाकीचे. मधोमध भोक, भोकातून सेंटर बोल्ट. जुडग्याचं पुढचं टोक गाडीला बुशमध्ये पक्कं, मागचं टोक शॅकलमध्ये झुलतं, कारण पाटा दबला की लांबतो आणि त्याला सरकायला वाव लागतो. टांग्याला, बैलगाडीच्या पुढारलेल्या नातेवाइकांना आणि मालट्रकला जे तत्त्व चाललं तेच इथे. फियाटने ही ११०० सालची नव्हे, ११०० नावाची गाडी १९५३ मध्ये इटलीत आणली. आपल्याकडे तिची ११००-डी आवृत्ती १९६४ पासून कुर्ल्याला बनू लागली, आणि १९७४ मध्ये तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. या काळात सरकारं आली नि गेली, मागचे पाटे जागेवर राहिले.

पाटे खाली बसतात याची कारणंही तशी साधी. पोलाद वर्षानुवर्षं दबून थकतं आणि त्याचा बाक कमी होतो. पाट्यांमध्ये गंज चढला की ते एकमेकांवर सरकत नाहीत, मग गाडी एका दिवशी एका उंचीवर तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच उंचीवर अडकून राहते. बुश खलास होतात. क्वचित एखादा पाटा तुटतो. पण कारण यांपैकी कुठलं, हे डोळा मिटून आणि पंजा धरून कळत नाही. मोजावं लागतं, आणि मोजणं ही गोष्ट आपल्याकडे शिंपी सोडून कोणी मनावर घेत नाही.

मी जमिनीपासून सुरुवात केली. शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून पाण्याची नळी आणली. ती पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी, पाणी भरून दोन टोकं दोन जागी धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं, आणि या बाबतीत त्याच्यावर कोणाचं वजन चालत नाही. एक टोक मी धरलं, दुसरं सोसायटीच्या वॉचमनने. आमच्या पार्किंगच्या फरशीला उजवीकडे चांगला बोटभर उतार निघाला. पावसाचं पाणी जाळीकडे जावं म्हणून बिल्डरने दिलेला असेल. जाळी डावीकडे आहे, पण तो वेगळा विषय. भिंतीवरचा लाल पट्टाही फरशीपासूनच मोजून मारलेला, म्हणून तोही तितकाच उतरता. सगळ्यांनी ज्याला सरळ मानून माझ्या गाडीला वाकडी ठरवलं, तो स्वतःच वाकडा होता. काकांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, "पण मग दोघं एकत्र उतरायला हवे होते ना? गाडी जास्त का उतरली?" निवृत्त माणसाशी वाद घालू नये, विशेषतः त्याचं बरोबर असताना.

म्हणूनच उंची जमिनीपासून मोजायची नाही. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या काठापर्यंत मोजायची. त्याआधी डिकी रिकामी करायची (आमच्या डिकीतून दोन छत्र्या, एक नारळ आणि मेहुण्याचं हेल्मेट निघालं), चारी टायरांत सारखी हवा भरायची, गाडी सपाट जागी आणून थोडी पुढेमागे ढकलायची म्हणजे ती आपल्या खऱ्या जागी बसते. हॅण्डब्रेक ओढायचा नाही. हे सगळं करून मोजलं तेव्हा मागे उजवीकडे डावीपेक्षा ३५ मिलिमीटर कमी भरले.

इथवर आलेला माणूस सहसा थेट मागचे पाटे सोडायला घेतो. थांबावं. गाडी चार पायांवर उभी असते, आणि इराणी हॉटेलातल्या डुगडुगत्या टेबलाचा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला ठाऊक असतं की आखूड पाय एक असतो आणि हलतो तो समोरचा कोपरा. पुढची एखादी स्प्रिंग बसली असेल तर तिची तक्रार मागच्या कोपऱ्यात उमटू शकते. याची परीक्षा सोपी आहे. गाडीचं पुढचं अंग बरोबर मधोमध जॅकवर घ्यायचं, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून, दोन्ही चाकं जेमतेम अधांतरी होतील इतकंच. आता पुढच्या स्प्रिंगांना मत राहिलं नाही. मागचं अंग सरळ झालं तर दोष पुढचा. तसंच कललेलं राहिलं तर मागचा. आमचं कललेलं राहिलं. जॅकवर उभ्या गाडीखाली मात्र डोकं घालू नये. खाली जायचं असेल तर गाडी घोडीवर घ्यावी, आणि घोडी म्हणजे घोडीच, विटांची चळत नव्हे.

घोडीवर घेण्याआधी, गाडी चाकांवर असतानाच, आमच्या फिटरला मी आणखी एक माप घ्यायला लावलं: हाउसिंगपासून वर बॉडीला असलेल्या रबराच्या गुटक्यापर्यंतचं अंतर, दोन्हीकडे. तो वैतागला. "साहेब, उंची एकदा मोजली ना?" मोजली, पण ती मडगार्डच्या काठापर्यंत, आणि चाळिशी उलटलेल्या गाडीचा मडगार्ड हा विश्वासू साक्षीदार नसतो. खालचं माप आलं २९ मिलिमीटर फरकाचं. वर ३५, खाली २९. मधले ६ मिलिमीटर गेले कुठे?

ते सापडले फ्रिजवरच्या चुंबकाने. महाबळेश्वरची आठवण म्हणून आणलेली प्लास्टिकची स्ट्रॉबेरी, मागे चुंबक. डाव्या मडगार्डवर ती सगळीकडे घट्ट बसली. उजव्यावर चाकाच्या वरच्या भागात नेली की घरंगळून खाली. म्हणजे तिथे पत्रा कमी आणि लांबीचा थर जास्त. गाडी सासऱ्यांची. पद्मिनीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं त्या काळातली, त्यामुळे तिच्याबद्दल घरात बोलताना आवाज आपोआप खाली येतो. एकदा कुठेतरी बस "जरा घासून गेली" होती, असं ते सांगत. स्ट्रॉबेरीच्या हिशेबाने ती चांगली हातभर लांब आणि बोटभर खोल घासून गेली होती. बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, बाबांनी घासली म्हटलं ना? मग घासलीच." ते ६ मिलिमीटर तिथेच मिटले.

उरलेल्या २९ साठी पाटे उतरवले. यू-बोल्टांच्या नटांवर आदल्या रात्री रॉकेल आणि तेल सोडून ठेवलं होतं, तरी एकाने पाना, पाइप आणि फिटरच्या तोंडातले काही शब्द यांना दाद दिली नाही. तो कापावा लागला. कापला ते उत्तमच झालं, कारण एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. उजवं जुडगं जमिनीवर आलं, सेंटर बोल्ट सोडला, आणि पाटे एकेक करून अलग झाले. मध्ये तपकिरी भुगा. प्रत्येक पाट्याचं टोक ज्या जागी वरच्या पाट्यावर घासत आलं, तिथे नखात अडकेल एवढी खाच. आणि तिसरा पाटा हातात आला तो अर्धाच. भोकातून आडवा, सरळ तुटलेला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळा आणि जुना, बाकीचा करडा, चकचकीत, ताजा.

पाटा भोकापाशीच तुटतो, कारण तिथे पोलाद कमी आणि ताण भरपूर. यू-बोल्ट घट्ट असेपर्यंत मधला भाग चिमटीत असतो आणि वाकत नाही. ते सैल पडले की भोकाच्या काठावर वाकणं सुरू होतं, आधी केसाएवढी भेग जाते, ती काळी पडत आत सरकते, आणि एका खड्ड्यात उरलेलं संपतं. बाहेरून काही दिसत नाही, कारण दोन्ही तुकडे प्लेटखाली आवळलेले आणि क्लिपांनी रांगेत धरलेले असतात. काकांनी दोन्ही डोळे मिटले असते तरी त्यांना हे दिसलं नसतं.

आता पाटा आणायचा कुठून? पद्मिनी जिथे बनली तो कुर्ला मुंबईत अजून आहे, आणि तिथल्या सीएसटी रोडवर जुने पार्ट शोधणाऱ्यांची वर्दळ आजही असते. पण वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा तो गजबजलेला कारखाना आता नाही, आणि या गाडीचं खरं विद्यापीठ, म्हणजे मुंबईतल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा स्टॅण्ड, तेही तिच्यासाठी बंद झालं. तिथली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर नाही. वर्तमानपत्रांनी हळहळीचे रकाने लिहिले. गाडीचे पाटे कुठे मिळतील ते कोणी छापलं नाही.

शेवटी हायवेला ट्रकांचे पाटे करणाऱ्याकडे गेलो. त्याच्या दारात पडलेला एकेक पाटा उचलायला दोन माणसं लागावीत असा. मी पिशवीतून आमचं जुडगं काढलं. त्याने ते एका हातात तोलून बघितलं. "हे काय शेठ, टांग्याचे आहेत का?" मी गाडीचं नाव सांगितलं. माणूस एकदम विरघळला. त्याच्या मामाची होती. जुन्या गाडीवाल्याला हा अनुभव नेहमी येतो. पद्मिनी प्रत्येकाच्या मामाची होती. एवढे मामा त्या काळी होते तर नंबर लागायला इतकी वर्षं लागली यात नवल नाही.

काम मात्र त्याने अव्वल केलं. तुटका पाटा त्याच जाडीच्या स्प्रिंग पोलादातून नवा कापला, भोक पाडलं, भट्टीत लालभडक तापवून वाकवला, तेलात विझवला, आणि मग पुन्हा मंद आचेवर धरून टेम्पर उतरवला. हे दुसरं तापवणं गाळलं तर पाटा काचेसारखा कडक होतो आणि पहिल्याच खड्ड्यात जातो. पुस्तकात या दोन तापमानांचे आकडे असतात. त्याने दोन्ही रंगावरून ओळखली आणि दोन्ही वेळेला बोलत मामाविषयी होता. बाकीच्या पाट्यांना ऐरणीवर थंडच हातोड्याने ठोकून बाक दिला. अंगठ्याच्या अंतराने घाव, एका टोकाकडून दुसऱ्याकडे, घाईचा एकही नाही. डावं जुडगंही सोबत नेलेलं होतं, ते ठोकून जोडी केली. एकाच बाजूचं काम करून आणणारे लोक वर्षभरात उलट दिशेला कललेली गाडी घेऊन परत येतात, हे त्याचंच निरीक्षण. शेवटी दोन्ही जुडगी टोकाला टोक लावून फरशीवर उभी केली, खाली वाकून मधली फट बघितली, आणि उजव्यावर आणखी तीन घाव घातले.

बसवताना फिटरशी छोटं युद्ध झालं. गाडी घोडीवर, चाकं लोंबती, आणि तो बुशांचे बोल्ट पूर्ण आवळायला निघाला. मी म्हटलं, आत्ता नुसते बोटाने लावा. गाडी चाकांवर उतरवू, हलवू, मग आवळा. रबराचा बुश लोंबत्या स्थितीत आवळला की गाडी खाली आल्यावर तो पिळून राहतो, काही दिवस गाडीला उगाच उचलून धरतो आणि मग फाटतो. "तीस वर्षं असंच करतोय साहेब," तो म्हणाला. तीस वर्षं त्याच्याकडे बुशांचं गिऱ्हाईकही उत्तम आहे, हे मी बोललो नाही. गाडी उतरवली, पुढेमागे ढकलली, मग तो झोपून खाली गेला आणि आवळून आला. चहा मी पाजला.

खालचं माप आता दोन्हीकडे बरोबर. मडगार्डपाशी ६ मिलिमीटर अजून कमी आहेत, ते बसचे आहेत आणि सासऱ्यांच्या शब्दाखातर तसेच राहतील. एवढा फरक ही गाडी कारखान्यातून नवी आली तेव्हाही कोणी मोजत नव्हतं. काकांनी दुसऱ्या दिवशी पिशवी खाली ठेवली, डोळा मिटला, पंजा धरला आणि सांगितलं की गाडी आता डावीकडे कललेली आहे. इतके दिवस नजर उजवीकडच्या उताराला सरावली की सरळ गाडी डावी दिसणारच. त्यांनी उपायही सुचवला: दोन्ही शॉकप.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर एक पैसाही खर्च करण्याआधी टेप काढा आणि चाकाच्या मध्यापासून मापं घ्या. पाटे उतरवलेच, तर शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या. नवे बोल्ट बसतात आणि सैल पडतात, आणि आमचा पाटा त्यानेच तुटला होता. गॅरेजवाला आठवण करून देणार नाही. तारीख स्वतः लिहून ठेवा.